बाटलीवरचं नाव

बाई, मी तुमची ती खोकल्याच्या बाटलीवाली पोट्टी. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले ते काही मायेचा उमाळा आला म्हणून नाही. भेव लागलं म्हणून बसले. रविवारची भर दुपार आहे, घरात कोणी नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद ठेवलाय आणि उद्या सकाळी अकराच्या आत त्यावर प्राचार्यांना खुलासा लिहून द्यायचा आहे. 'विषय' एवढा एक शब्द लिहिला आणि हात थांबला. तो खोडला. मग दुसरा कागद ओढला तर त्यावर आपोआप 'बाई' असं आलं. बाकी सगळी पोरं तुम्हाला मॅडम म्हणायची. माझी माय बाई म्हणायची म्हणून मीही बाईच म्हणत राहिले, आणि तुम्ही कधी टोकलं नाही.

खुलासा भाऊंबद्दल आहे. आपल्या लॅबचे भाऊ, तुमच्या वेळी टेस्ट ट्यूब धुवायचे तेच. अजून तेच धुतात. केस पांढरे झाले, निवृत्तीला दोन वर्षं राहिली, बाकी माणूस होता तसाच आहे. उद्या मी त्या कागदावर काय लिहिते यावर त्यांची नोकरी राहते की जाते हे ठरणार आहे. हे मला माहीत आहे, प्राचार्यांना माहीत आहे आणि भाऊंनाही माहीत आहे. 

तुमचा बारावीचा वर्ग आठवतो. बाहेर धान कापणीचे दिवस, अर्धी पोरं शेतावर, आणि वर्गात बसलेल्या आम्हा अर्ध्यांना तुम्ही विचारता, मोहफुलं आंबवून ठेवली तर काय होते? खसखस पिकते, कारण जिल्ह्यात दारूबंदी आणि तुम्ही भर वर्गात दारूची गोष्ट काढलेली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, दारू होते मॅडम. आणि ती तशीच उघडी राहिली तर? आता कोणी हसत नाही, कारण आमच्यातल्या निम्म्यांनी ते घरी पाहिलेलं असतं. आंबट होते. झालं तर मग, म्हणता तुम्ही, यालेच ऑक्सिडेशन म्हणतात. अल्कोहोलातला हायड्रोजन गेला, त्याचं अल्डिहाइड झालं. त्यात ऑक्सिजन शिरला, त्याचं आम्ल झालं. मागे फिरवलं की रिडक्शन. आणि हात झटकत तुम्ही सांगता की मधल्या अल्डिहाइडला आम्ल व्हायची भारी घाई असते, समोर जो सापडेल त्याच्या गळ्यात ते आपलं ओझं टाकते. एकट्याचं कधी काही होत नाही. एकाचं ऑक्सिडेशन झालं की बाजूच्या कोणाचं तरी रिडक्शन झालंच समजायचं. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, परीक्षेत येईल म्हणून.

मग त्या शनिवारी तुम्ही आरसा दाखवला. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब, तपकिरी गाळ, मग थेंबथेंब अमोनिया, नाक झोंबतं आणि गाळ विरघळून सगळं पाण्यासारखं स्वच्छ होतं, हेच टॉलेन्सचं द्रावण. त्यात अल्डिहाइडचे थेंब टाकून टेस्ट ट्यूब गरम पाण्यात उभी केली. आधी काळपट झालं, आणि बघता बघता काचेच्या आतून चांदी चढली. आमच्या घरी तेव्हा हातभर आरसासुद्धा नव्हता; बापूच्या दाढीचा तळहाताएवढा तुकडा होता, तोही तडकलेला. मी त्या टेस्ट ट्यूबमध्ये माझं वाकडंतिकडं नाक पाहिलं आणि वेडी झाले. तुम्ही अल्डिहाइडचं आम्ल झालं, चांदीचं रिडक्शन झालं असं काहीबाही सांगत होता. माझं ध्यान उरलेल्या द्रावणाकडे होतं. दर वेळी तुम्ही ते उरलेलं लगेच आम्ल टाकून मारायच्या आणि भरपूर पाण्यानं मोरीत सोडायच्या. भाऊसुद्धा हळहळायचे की एवढी महागाची चांदी बाई नालीत घालते. त्या दिवशी तुम्हाला ऑफिसातून बोलावणं आलं आणि मी माझ्या दप्तरातली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरून घेतली. मायसाठी आरसा करायचा होता. अल्डिहाइड नसलं तरी ग्लुकोज चालते, हे तुम्हीच सांगितलं होतं.

घरी नेऊन मी ती चुलीच्या वरच्या कोनाड्यात, तिखटामिठाच्या डब्यांमागे लपवली. ग्लुकोज आणायला पैसे नव्हते, मंगळवारच्या बाजारापर्यंत थांबायचं ठरवलं. सोमवारी तुम्हाला ते उरलेलं द्रावण सापडलं नाही, शेवटी लॅबमध्ये मीच होते, आणि दुपारी तुमची लुना आमच्या दारात आली. धानोऱ्याकडच्या त्या जंगलातल्या रस्त्यानं बाईमाणूस एकटं येत नाही. माय तर हात पुसत बाहेर धावली. तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही. मला विचारलं, कुठी ठेवलीस? मी सांगितलं. कोनाड्यात, चुलीवर. तुमचा चेहरा असा उतरला की मला पहिल्यांदा कळलं, मोठी माणसंही भितात. तुम्ही मायला, लहान बहिणीला, शेजारच्या म्हाताऱ्या काकीला सगळ्यांना गोठ्यापलीकडे घालवलं, ओलं पोतं घेतलं आणि एकट्या आत गेल्या. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. बाहेर आल्या तेव्हा पोतं दोन्ही हातांत अंगापासून लांब धरलेलं होतं आणि तुम्ही पाय असे टाकत होता की जमीन जागी होईल. नाल्यातल्या खड्ड्यात ते ठेवून तुम्ही बांधाआड आल्या आणि दगड मारला. पहिला चुकला. दुसऱ्याला फट करून आवाज झाला, फार मोठा नाही, पण काचेचा एक तुकडा बांधाच्या वरच्या पळसात शिरला.

मला वाटलं आता चोरीवरून मार बसणार. तुम्ही माझी वेणी धरली आणि एकच थप्पड मारली, आयुष्यातली एकुलती एक, आणि मग म्हणाल्या:

"चोरलीस त्याचं मले काई नाई. नाव काऊन नाई टाकलं बाटलीवर? खोकल्याचं औषध म्हणून तुह्या मायनं बहिणीले पाजलं असतं तं?"

तेव्हा मला त्या द्रावणाचं खरं समजलं. ताजं असतं तेव्हा गरीब असतं. ठेवून दिलं की त्यात काळं काहीतरी धरतं, आणि ते वाळलं की फुटायला हात लागायचं निमित्त पुरतं. तुम्ही घाम पुसत पुसत मला हे सांगितलं. तेव्हापासून तुमचा नियम माझ्या अंगात मुरला. लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर काय आहे, कधी केलं आणि कोणी केलं, तीन गोष्टी. तिसरी सगळ्यात मोठी. कोणी केलं.

आठ दिवसांनी तुम्ही मला कागदात गुंडाळून ती टेस्ट ट्यूब दिलीत, आतून चांदी चढवलेली, धुतलेली, वाळवलेली, वर बूच. हे घे तुह्या मायचा आरसा, म्हणालात. मायनं ती मरेपर्यंत देवाजवळ ठेवली. आता माझ्या खिडकीत आहे, कडेनं थोडी काळी पडली आहे. तुमच्या जागेवर मी नोकरीला लागले त्या वर्षी जुनी रजिस्टरं चाळताना तो शनिवार सापडला. उरलेले सिल्व्हर नायट्रेट द्रावण, नष्ट केल्याची नोंद नाही. शेऱ्यात तुमचं अक्षर: माझ्या हातून सांडले. खाली तुमची सही. तुम्हाला तेव्हा प्राचार्यांनी ऑफिसात उभं करून ऐकवलं होतं, हे मला भाऊंनी सांगितलं. तुम्ही तोवर गेलेल्या होता. नागपूरच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायलाही आले नव्हते, माझे बी.एड.चे पेपर आहेत म्हणून.

आता इथलं सांगते. यंदा सिल्व्हर नायट्रेटची मागणी करून तीन महिने झाले, माल आला नाही. जुन्या बाटलीत शेवटचं होतं तेवढ्यात एका बॅचचं प्रॅक्टिकल निघालं आणि थोडं द्रावण उरलं. दुसरी बॅच आतल्या गावांच्या पोरींची. त्यांची बस त्या दिवशी आलीच नाही. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आणि या पोरी आरसा न बघताच परीक्षेला बसणार, या विचारानं माझं डोकं फिरलं. मी भाऊंना म्हटलं, हे ठेवून द्या, सोमवारी पोरींना दाखवू. भाऊ बाटली हातात घेऊन तसेच उभे. म्हणाले, बाई तं फेकाले लावत होती. मला राग आला, बाई. मी खेकसले की तुम्ही चांदी नालीत जाते म्हणून रडत होता ना, मग आता ठेवा, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. मला सगळं माहीत होतं. आमच्या चुलीवरच्या कोनाड्यातून तुम्ही ती कशी बाहेर आणलीत हे ज्या पोट्टीनं पाहिलं, तीच हे बोलून राह्यली होती. सवयीनं लेबल तेवढं लावलं. टॉलेन्स, तारीख, माझं नाव.

सोमवारी मला इलेक्शनच्या ड्यूटीचा आदेश आला. ट्रेनिंग, मग पेट्या, मग आतल्या बूथवर, तिथे फोनला रेंज नाही. बाटली डोक्यातून साफ गेली. भाऊंनी कपाटाला हात लावला नाही, कारण मी ठेवा म्हटलं होतं आणि काढा म्हटलं नव्हतं. शुक्रवारी परत आले तोवर बाटली ठेवून तेरा दिवस झाले होते. दुपारी पोरींची बॅच शेजारच्या खोलीत वह्या घेऊन बसलेली, मी कपाट उघडलं. तपकिरी बाटली, आतलं निम्मं आटलेलं, आणि मानेभोवती काळं कडं. बुचाच्या खालीही काळं. माझ्या कानात तोच फट आवाज झाला, तीस वर्षं जुना. कपाट तसंच सोडून मी बाहेर आले आणि पोरींना मैदानात नेलं, मग प्राचार्यांना सांगितलं.

आपल्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात स्फोटक हा शब्द कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या तासात ठाण्याची गाडी, दोन तासांत जिल्ह्याहून पथक. अख्खं गाव रस्त्यावर. त्यांच्या माणसानं जाड कपडे घालून बाटली बाहेर आणली, वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवून तारेनं उडवली. आवाज लहानच झाला. काही लोक हसलेसुद्धा, एवढ्यासाठी एवढं का म्हणून. मी हसू शकले नाही. मला लघवीची कळ आली होती, हे तुम्हालाच सांगते.

मग ठाण्याच्या साहेबांनी वही उघडली. बाटली कोणी बनवली, कोणी ठेवली? बाटलीवर नाव नाही, असं त्यांच्या माणसानं सांगितलं आणि साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी तोंड उघडलं होतं, बाई. खरंच उघडलं होतं. शब्द यायच्या आत भाऊ पुढे झाले.

"मीच ठेवलो साहेब. मॅडमले मालूम नाई."

आणि मी तोंड मिटलं. भाऊंचं गाव अगदी आतलं, जंगलातलं, त्या गावाचं नाव ऐकताच साहेबांनी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंना गाडीत बसवून नेलं. मी बघत राहिले. संध्याकाळी सोडलं, चहा पाजला म्हणाले, कोणी बोट लावलं नाही. पण प्राचार्यांनी चौकशी होईस्तोवर कामावर येऊ नका असं सांगितलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की मॅडम, तुम्ही ड्यूटीवर होत्या, तुम्ही सुटल्या. परिचरानं न विचारता ठेवलं एवढंच लिहून द्या, प्रकरण मिटते.

काल सकाळी भाऊंकडे गेले. अंगणात टोपल्या विणत बसले होते. मी विचारलं की तुम्ही असं काऊन सांगितलं. त्यांनी सोलत असलेली बांबूची काडी खाली ठेवली. मग म्हणाले, बाई नागपूरले होती तेव्हा मी भेटाले गेलतो. मले म्हणे, त्या पोट्टीकडे पाहत जाजा भाऊ. ती हुशार हाय, पण भेकड हाय. एवढं सांगून ते पुन्हा काडी सोलायला लागले. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी चहा ठेवला होता. तो प्यायले.

तुम्ही ओळखलं होतं तर. तेव्हाच ओळखलं होतं.

बाई, वर एक खोटं लिहिलंय. खुलाशात लिहायचं तेच तुम्हालाही लिहून गेले, बघा सवय कशी लागते. कपाट तसंच सोडून मी बाहेर आले नाही. शेजारच्या खोलीत बावीस पोरी बसलेल्या, त्यांचं बोलणं मला भिंतीतून ऐकू येत होतं. ते काळं कडं काय आहे हे त्या अख्ख्या गावात मला एकटीला माहीत होतं. आणि पोरींना हाक मारायच्या आधी, पळायच्या आधी, मी त्या बाटलीला हात लावला. हवेनं लेबलाचा एक कोपरा सुटलेला होता. तो नखानं धरून मी हळूहळू ओढला. बाटली फळीवर थोडी फिरली, काच लाकडावर घासल्याचा आवाज आला, तरी मी ओढतच राहिले, सगळं निघेपर्यंत. मग ते ब्लाउजमध्ये घातलं आणि मग पोरींना बाहेर काढलं. उडून मरायचं भेव मला तेवढा वेळ लागलंच नाही. पकडलं जायचं भेव त्याच्याहून मोठं निघालं. तुम्ही माझ्या चोरीखाली तुमची सही केली होती आणि मी माझ्या चुकीवरून माझं नाव सोलून काढलं, बावीस पोरींचा जीव भिंतीपलीकडे ठेवून.

चार वाजत आलेत. हे पत्र काही कुठे जायचं नाही, त्याला पत्ताच नाही. खुलाशाच्या कागदावर त्या खोडलेल्या 'विषय' शब्दाखाली अजून एक ओळ नाही. फक्त मघाशी भाताच्या शितानं ते लेबल त्यावर चिकटवलं. टॉलेन्स, तारीख, माझं नाव. ते बाटलीवरून काढताना माझा हात जरासुद्धा कापला नव्हता, बाई. आता चिकटवताना तीनदा वाकडं लागलं.